पहिलं ताट

आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिला सगळे मुकादम म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तिला ते आवडतं. एकोणीस वर्षं ती तीनशे पोरांचा भात शिजवतेय आणि मी तिच्या शेजारी बसून कांदे-बटाटे चिरतेय. एवढ्या वर्षांत तिनं मला एकदाही शाबास म्हटलेलं नाही. पण माझं बोट कापलं, तेव्हा स्वतःच्या ओढणीचा काठ टर्रकन फाडून बांधला होता. बाई अशी आहे.

तिचा एक नियम होता, घरचं ताट शेवटी. फार पूर्वी एका पालकानं तक्रार केली होती, की ही स्वतःच्या मुलीच्या ताटात जास्त वाढते. धादांत खोटं. पण मुकादमला ते इतकं लागलं, की त्या दिवसापासून तिची मुलगी रांगेत सगळ्यात शेवटी उभी राहू लागली. सात वर्षं पातेल्याच्या तळाचा करपलेला भात खाऊन ती पोरगी शाळेतून बाहेर पडली.

पूर आला आणि शाळेची छावणी झाली. नदीकाठची माणसं वर्गावर्गात राहायला आली, त्यात मुकादमची आईसुद्धा. म्हातारीचं घर भिंतींसकट वाहून गेलं होतं. मुकादमच्या खोलीत छातीभर पाणी, म्हणून म्हातारी आणि ती, दोघी छावणीतच. म्हातारी तिसरीच्या वर्गात खिडकीखाली बसली आणि जेवेना. चहा घ्यायची, ताट मात्र सरकवून द्यायची. "भूक नाही," एवढंच.

मुकादम सगळ्यांचं वाढून झाल्यावर, दुपारी पावणेतीनला वगैरे, तिचं ताट न्यायची. "आई, खाऊन घे गं, माझी भांडी पडलीत," म्हणून ठेवायची आणि पळायची. ती स्वतः कधी जेवायची ते मलाच ठाऊक. पातेल्याशी उभ्यानं दोन घास कोंबायची.

चौथ्या दिवशी छावणीतल्या डॉक्टरबाईंनी बजावलं, "परवापर्यंत आजी नीट जेवल्या नाहीत, तर त्यांना शहरातल्या इस्पितळात हलवावं लागेल." शहर पाच तासांवर. म्हातारी तिकडे एकटी गेली तर परत येणार नाही, हे आम्हा दोघींना न बोलता कळलं.

नेमकी त्याच दुपारी नटी आली. टीव्हीवर संध्याकाळी रडते ना, तीच. खोटं कशाला बोलू, दोन ट्रक भरून गाद्या आणि औषधं घेऊन आली होती आणि ती येणार म्हटल्यावर तीन दिवस बंद असलेला आमचा रस्ता दोन तासांत मोकळा झाला. आम्ही रोज फोन करत होतो, तेव्हा कुणी उचलत नव्हतं. हे मुकादमच्या डोक्यात आधीच गेलं होतं.

मग नटीला वाढायची हौस आली. आमचा नियम तिला कोण सांगणार? कॅमेरावाला म्हणाला, "मॅडम, खिडकीपासून सुरुवात करा, तिथे उजेड चांगला आहे." खिडकीखाली म्हातारी. नटीनं वाफाळता भात आणि बटाट्याची पातळ भाजी वाढली आणि चिखलानं माखलेल्या फरशीवर सरळ मांडी घातली.

"आजी, मी सकाळपासून उपाशी आहे. तुम्ही घास घेतलात तर मीही खाईन. चालेल?"

तिनं खरंच दुसरं ताट घेतलं. म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं, मग ताटाकडे, आणि जेवायला लागली. सगळं ताट संपवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मुकादम दारात डाव हातात धरून उभी होती. आईनं अन्न खाल्लं म्हणून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिचा चेहरा असा झाला होता, जणू कुणी तिच्या चुलीवरून पातेलं पळवलं.

"भात मी केलाय," ती मोठ्यानं म्हणाली. कुणाला म्हणाली देव जाणे. मला हसू आलं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. नटी, म्हातारी आणि कडेला माझं कोपर. खाली लिहिलं होतं, 'मायेचा घास'. मुकादमनं पेपर ओट्यावर पसरला आणि भाजीचं तापलेलं पातेलं बरोबर नटीच्या तोंडावर ठेवलं. माझ्याही पोटात दुखत होतंच. निदान कोपराऐवजी पूर्ण हात तरी घ्यायचा होता.

त्या दिवशी पावणेतीनचं ताट पुन्हा तसंच परत आलं. तेव्हा मात्र मुकादमचा बांध फुटला. भर वर्गात ती आईवर ओरडली, "तिच्या हातचं गोड लागतं आणि माझ्या हातचं विष आहे का गं? काय आहे तिच्यात? रंग? पावडर? मी पाच दिवस मरमर मरतेय इथे!"

म्हातारी शांतपणे म्हणाली, "ती माझ्यासमोर जेवली. तू जेवलीस की नाही ते मला कळतच नाही. माझ्या घशाखाली कसं उतरेल?"

मुकादम ताट उचलून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता रुग्णवाहिका पटांगणात येऊन थांबली. एक वाजता निघणार होती. बाहेर तीनशे माणसांची रांग. मुकादमनं पातेल्यावरचं झाकण काढलं आणि वरचा मोकळा भात दोन ताटांत वाढला. मला वाटलं डॉक्टरबाईंसाठी असेल. ती ताटं घेऊन समोरच्याच तिसरीच्या वर्गात गेली आणि आईसमोर मांडी घालून बसली.

रांगेतून कुणीतरी बोललंच, "बघा, आधी घरच्यांना." तिला ऐकू गेलं. ज्या वाक्याला घाबरून तिनं स्वतःच्या पोरीला सात वर्षं करपलेलं खाऊ घातलं, तेच वाक्य. मान लाल झाली तिची. पण ती उठली नाही.

म्हातारीनं दाराकडे पाहिलं. "ती नाही आली आज?"

मला वाटलं, आता ताट भिंतीवर जातंय.

"नाही आली," मुकादम म्हणाली. "मी आलेय." आणि तिनं स्वतः पहिला घास घेतला.

म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. घास गिळेपर्यंत बघितलं. मग आपला हात ताटात घातला.

रांगेत कुरकुर वाढली. मी विळी बाजूला ठेवली, डाव उचलला आणि वर्गाच्या दारात आडवी उभी राहिले.

"थांबा जरा," मी म्हणाले. "मुकादम जेवतेय."