बोलणं थांबलं की गाडी थांबवायची

गॅसमास्तरला वास येत नसे. जगात कितीतरी लोकांना कितीतरी गोष्टी येत नाहीत आणि त्यांचं काही अडत नाही. पण हा गृहस्थ पोटासाठी पेट्रोलच्या गाड्या गॅसवर करून देण्याचं काम करत होता. पोहता न येणाऱ्याने होडी चालवावी, तसला प्रकार. ऐन तरुणपणी एका तापात त्याचं नाक गेलं. म्हणजे चेहऱ्यावर होतं, चांगलं लांबसडक होतं, चष्मा पेलायचं काम चोख करत होतं. बाकी कशाला उपयोगी नव्हतं. गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाणेरडा वास मिसळतात, हे मास्तर गिऱ्हाइकांना समजावून सांगायचा. स्वतः त्याने तो वास फक्त लोकांच्या वाकड्या तोंडांवर पाहिला होता.

हे गुपित एकाच माणसाला ठाऊक होतं, त्याच्या बायकोला. लग्नानंतर थोड्याच दिवसांत चुलीवर दूध करपून कोळसा झालं आणि हा शेजारीच पेपर वाचत बसलेला तिला सापडला. तिने आधी कपाळावर हात मारला, मग पोट धरून हसली, आणि मग गंभीर होऊन म्हणाली, "अहो, हे बाहेर कळलं तर तुमच्याकडे गाडी कोण देईल? तोंडातून ब्र काढू नका. वासाचं मी बघते."

आणि तिने बघितलं. गॅसच्या नळीचे जोड बसवून झाले की मास्तर ब्रशने साबणाचा फेस लावून एकेक जोड तपासायचा. बुडबुडा वर आला की गळती. ते झालं की गाडी जुन्या वीटभट्टीमागच्या खडबडीत माळावर न्यायची, आणि मागच्या सीटवर, टाकीला खेटून, मास्तरीणबाई बसायच्या. बसल्या की तोंडाचा पट्टा सुरू. भाजीचे भाव, जावेचा तोरा, लेकीचा अभ्यास, मास्तरचं घोरणं. ठरलेलं एवढंच होतं की वास आला की तिने गप्प बसायचं. तिचं बोलणं थांबलं की मास्तर गाडी थांबवायचा. लोक चेष्टा करायचे की मास्तर लोकांच्या पेट्रोलवर बायकोला फिरवतो. मास्तर म्हणायचा, पेट्रोलवर नाही, गॅसवर.

गेल्या थंडीत ती आजारी पडली आणि उठलीच नाही. लेक लांबच्या शहरातून आली, आईचं कपाट आवरताना तिने आईची लोकरीची शाल तोंडाशी धरली आणि ओक्साबोक्शी रडली. "बाबा, ही धुवू नका हं. आईचा वास आहे अजून हिला."

लेक गेल्यावर मास्तरने दार लावून ती शाल नाकाशी धरून पाहिली. काही नाही. पण पोरीला आला होता, म्हणजे तो तिथे होता. घर दिसत नसलं तरी खिशात पत्ता आहे, एवढ्यावरही माणूस चालतो. मास्तर शाल गळ्याभोवती घ्यायला लागला. आधी सकाळच्या गारठ्यापुरती, मग दिवसभर, मग झोपतानाही. उकाड्यातसुद्धा त्याने ती उतरवली नाही.

त्याच सुमारास माणसं दुरावली. शेजारचा टायरवाला रोज चहाचे दोन पेले घेऊन येऊन मास्तरीणबाईंच्या स्टुलावर ऐसपैस बसायचा, तो आता रस्त्यावरूनच "बरं आहे ना?" असं ओरडून सटकू लागला. गिऱ्हाइकं चाव्या उंबऱ्यावर ठेवून बोलायची. रेशनच्या दुकानाच्या रांगेत मास्तरच्या पुढची बाई दोन पावलं सरकायची आणि मागचा माणूस पुढे यायचाच नाही. मास्तरने मनाशी ठरवलं की लोकांना दुःखाची भीती वाटते, जवळ गेलं तर चिकटेल म्हणून. त्याला आधी राग आला. मग रागाचाही कंटाळा आला, आणि तो दिवसभर कुणाशी न बोलता काम करायला शिकला.

कामंही तो निवडून घ्यायचा. डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या लहान गाड्या, फेस दोनदा-तीनदा लावून तपासायच्या आणि देऊन टाकायच्या. माळावर जायचं त्याने सोडलं होतं. अशात एक दिवस गुरांची डॉक्टरीण आपली जुनी जीप घेऊन आली. चारही चाकांना जोर लागणारी, चिखलात न अडणारी, आणि तहानेने हावरट.

"ही पेट्रोल पीत नाही, आंघोळ करते," डॉक्टरीण म्हणाली. बाई मोजकं बोलणारी होती. "गॅसवर करून द्या. माझी सगळी कामं डोंगरावर, रस्ता म्हणजे नुसते दगड. मागे माझा कुत्रा झोपतो, आणि थंडीत काचा बंद असतात. एवढं लक्षात ठेवा."

ती चावी उंबऱ्यावर न ठेवता आत आली, मास्तरच्या हातात देऊन गेली. या एका गोष्टीपायी मास्तर नाही म्हणू शकला नाही.

काम त्याने जीव ओतून केलं. जादा चाक मागच्या दारावर चढवलं आणि त्याच्या जागी टाकी बसवली. तांब्याची नळी गाडीच्या सांगाड्याच्या कडेकडेने पुढे आणली, फिरणाऱ्या दांड्यांपासून हातभर लांब, आणि मध्ये एक वेटोळं सोडलं, म्हणजे गाडी पिळली तरी नळी ताणू नये. इंजिनाशेजारी द्रव गॅसचा वायू करणारी डबी लावली आणि तिला ऊब द्यायला रेडिएटरचं गरम पाणी जोडलं. गाडी सुरू झाली, समोरचं बटण पेट्रोलवरून गॅसवर केलं, इंजिनाने एकदा खाकरून नवा घास गिळला आणि ते एका लयीत चालू लागलं. फेस लावला. एक बुडबुडा नाही.

पण जीप ती जीप. एक चाक दगडावर आणि एक खड्ड्यात गेलं की तिचं सगळं अंग पिळतं, आणि उभ्या गाडीत घट्ट असलेला जोड तेवढ्यापुरता सैल पडू शकतो. तेव्हा खाली फेस लावायला कोण बसणार? तिथे नाकच लागतं. मास्तर एकटाच जीप घेऊन माळावर गेला. गाडी दगडांवरून डुलत होती आणि मागच्या सीटवर शांतता होती. इतकी वर्षं त्या शांततेचा एकच अर्थ होता. त्याने घाबरून गाडी बंद केली, खाली उतरून सगळे जोड फेसाने माखले. काही नाही. पुन्हा निघाला, पुन्हा थांबला. शेवटी स्टिअरिंगचं चाक धरून बसला आणि त्याला रडू आलं. बंद काचांमागे झोपलेला कुत्रा त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

डॉक्टरीण गाडी न्यायला आली.

"झाली?"

"झाली," मास्तर म्हणाला. मग म्हणाला, "नाही झाली. डॉक्टर, मला वास येत नाही."

"सर्दी?"

"लग्नाच्या आधीपासून."

ती हसली नाही, ओरडलीही नाही. "मग आजवर कसं भागवलंत?"

"बायको बघायची. आता ती नाही."

डॉक्टरिणीने औषधांची पिशवी खाली ठेवली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. "चला. मी काय करायचं?"

"बोलत राहायचं. वास आला की गप्प."

"काय बोलू?"

"काहीही. ती भाजीच्या भावापासून सुरू करायची."

डॉक्टरिणीला भाजीचे भाव ठाऊक नव्हते. तिने एका गाईने धन्याचा बूट कसा खाल्ला ते सांगायला घेतलं. आधी अडखळत, मग रंगात येऊन. मास्तर गाडी खड्ड्याखड्ड्यांतून नेत होता, जीप कण्हत होती आणि मागून आवाज येत होता. कितीतरी दिवसांनी मागून आवाज येत होता. मास्तरला इतकं बरं वाटलं की गरज नसताना त्याने आणखी एक फेरी मारली. धन्याने दुसरा बूट कुठे लपवला इथवर गोष्ट आली, आणि बोलणं थांबलं.

मास्तरने करकचून ब्रेक मारला, गॅस बंद केला आणि उडी मारून मागचं दार उघडलं. "उतरा! आधी उतरा!"

ती उतरली नाही. "गॅस नाही. तो वास मला कळतो. तुमचं काम चोख आहे."

"मग गप्प का झालात?"

"सांगू की नको असं मघापासून चाललंय माझं." तिने त्याच्या गळ्याकडे बोट केलं. "मास्तर, वास तुमचा येतोय. त्या शालीचा. मी गुरांत वावरते, मला काही वाटत नाही. पण बाकीच्यांना वाटत असणार."

गाईच्या खुराला काय झालंय ते सांगावं तशा आवाजात तिने सांगितलं. मास्तर उभाच राहिला. रस्त्यावरून ओरडणारा टायरवाला, उंबऱ्यावरच्या चाव्या, रांगेतली बाई, सगळे एकदम त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आणि मग त्याला वेगळीच धास्ती वाटली. त्याने गळ्यातली शाल काढून तिच्यापुढे धरली.

"हिच्यात आणखी कुणाचा येतोय का? नीट बघा. बाईमाणसाचा. जुना असेल."

खोटं बोलणं सोपं होतं. डॉक्टरिणीने शाल घेतली, डोळे मिटले, आधी वरची बाजू, मग आतली घडी, मग काठ, असं सावकाश हुंगून पाहिलं. बराच वेळ ती काही बोलली नाही, आणि न बोलण्याचा अर्थ मास्तरला पाठ होता, म्हणून त्याला आशा वाटली.

"नाही, मास्तर," ती म्हणाली. "नुसता तुमचाच आहे."

जीप गेली. मास्तरने जोड तपासायच्या बादलीत आणखी साबण चुरला आणि शाल बुडवली. फेस वर आला की काहीतरी निसटतंय असं समजायचं, ही त्याची जन्माची सवय. इथे बादलीभर फेस होता. त्याने शाल धुऊन चार पाण्यांतून खळबळून काढली, सदरे धुतले, चादरी धुतल्या, स्वतःला घासलं. मग लेकीला फोन लावला.

"शाल धुतली गं."

"का हो, बाबा?"

"आईचा वास गेला होता. माझ्यामुळेच गेला."

दुसऱ्या दिवशी वाळलेली शाल हातावर टाकून तो टायरवाल्याच्या दारात उभा राहिला. "जरा माझा वास घे."

"डोकं फिरलं का तुझं?"

"घे म्हणतो ना."

टायरवाल्याने भीत भीत नाक पुढे केलं. "साबण," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला. "मास्तर, कितीदा सांगायचं मनात होतं रे. वाटलं, आधीच दुःखात आहेस, त्यात आणखी हे कुठे."

मग मास्तरने त्याला सगळं सांगितलं, नाक गेल्यापासूनचं. पुढची गाडी आली की मागे बसशील का, म्हणून विचारलं. टायरवाला म्हणाला की बसेन, बडबडीचं तेवढं माझ्यावर सोड. तो चहाचे पेले घेऊन मास्तरकडे आला, स्टुलावर बसला आणि आपल्या नव्या कामाची तालीम म्हणून समोरची शाल उचलून त्याने ती नाकाशी नेली.

"हिला तर कसलाच वास नाही," तो म्हणाला.

"मलाही तेच वाटतंय," मास्तर म्हणाला.