किरणं ताईच्या पाठीपर्यंत पोचलीच नाहीत

रविवारी नागपूरला आमच्या घरी पुतणीचं बारसं होतं. सगळे पाळण्याभोवती... आणि जिने बाळाच्या कानात नाव सांगायचं, ती आत्या पार दाराजवळच्या खुर्चीवर.

आत्या म्हणजे माझी ताई. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग छातीवर इलेक्ट्रॉनची रेडिओथेरपी. ती संपूनही बरेच आठवडे झाले. तरी काटोलहून आलेल्या काकूंनी तिला तिथे बसवलं. "लेकराले किरणं लागतीन वं. नाव दुसरं कोणी ठेवीन." ताई "बरं" म्हणाली... तिने शिवलेलं झबलं मांडीवर तसंच.

माझी बारावी अर्धवट राहिली. त्यात मी घाबरट, गॅस बंद केला का ते परत येऊन बघणारा. त्यामुळे ट्रीटमेंट सुरू झाली तेव्हाच मी हॉस्पिटलमध्ये किरणांचं मशीन तपासणाऱ्या फिजिसिस्ट मॅडमना प्रश्न विचारून भंडावलं होतं. ताईच्या अंगात किरणं राहतील का? एका ताटात जेवलं तर चालेल का?

त्यांनी मोबाइलवर पाण्याच्या टाकीचा फोटो दाखवला. आपलं शरीर बरंचसं पाणीच, म्हणून मशीन आधी पाण्यात तपासतात. पाण्यात शिरलेला इलेक्ट्रॉन रेणूंना धडकत जातो, दर धडकेत थोडी ऊर्जा गमावतो... आणि काही सेंटीमीटरवर थांबतो. वाटेत सोडलेली ती ऊर्जाच कॅन्सरच्या पेशींना मारते. किती खोल जायचं, ते सुरुवातीच्या ऊर्जेवर ठरतं. ताईला छातीपुरतंच हवं होतं. मशीन बंद झालं की अंगात काही उरत नाही. हे मी पुन्हा पुन्हा विचारलं... उत्तर बदललं नाही.

म्हणून रविवारी मी उठलो. आवाज कापत होता, पण बोललो. "काकू, नाव आत्याच ठेवीन. नाहीतर आज बारसंच नाही."

"तू काय डॉक्टर झाला का गा?"

"नाही झालो. पण विचारून आलो. तुम्ही कोणाले विचारलं?"

बाळाचा बाप, माझा दादा, उठला. त्याने ताईला हाताला धरून पाळण्याशी आणलं. ती वाकली, बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं... ईश्वरी.

आता आत्याच्या पाठीत धपाटे पडायला हवेत. आमच्याकडे त्याशिवाय बारसं पूर्ण होत नाही. पण एकही हात उठेना. ताई वाकलेलीच... वाट बघत.

मी पुढे झालो आणि मारला एक. "पाठीपर्यंत तर किरणं पोचलीच नाहीत. कशाले भेता?"

मग काकूंनी मला कोपराने बाजूला सारलं. "सरक गा, हे बायांचं काम हाय." आणि धपाटा घातला, अगदी हळू. ताई वाकल्या वाकल्याच म्हणाली, "काकू, जेवली नाही का वं? जोरात मार!"

काही उपचारांत किरणं सोडणारं औषधच अंगात ठेवतात, तिथले नियम वेगळे असतात. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. पण न विचारता माझ्या ताईची खुर्ची दाराजवळ सरकवायला कोणी आलं... तर मी परत उठेन, आवाज कापला तरी.