कोथरूडची मुक्कामी गाडी

आमची इलेक्ट्रिक गाडी धुवायला काढली की सीटखालून भडंगाचे चुरमुरे निघतात, कुणाचा तरी एकच पायमोजा निघतो आणि एखादा किस्सा निघतोच. चुरमुरे झाडता येतात. मोज्याचा जोडीदार शोधायचा मी सोडून दिलंय. किस्से मात्र साठतच चाललेत, कारण आमच्या घरात ही गाडी चालवायला कमी आणि झोपायला जास्त वापरतात. हसू नका! गाडी न हलता रात्रभर एसी चालतो हे माझ्या नवऱ्याला, म्हणजे शिरीषला, समजलं, तिथून सगळं सुरू झालं.

*

पहिला मुक्काम पानशेतच्या धरणाकाठी. शिरीषने मागच्या सीट आडव्या केल्या, गादी घातली, वर दिव्यांची माळ लावली. मी सदाशिव पेठेतली. आमच्याकडे पाहुण्यालासुद्धा "राहणार आहात का?" असं विचारतात, ते "नाही" म्हणावं म्हणून. घर सोडून उगाच बाहेर झोपणं आमच्या रक्तात नाही. पण गेले.

दिवस मावळता मावळता एक म्हातारबाबा बैल घेऊन चालले होते. थांबले. शिरीषकडे बघून म्हणाले, "काय ओ पावनं, घरातनं काढलं का काय?"

"नाही हो आजोबा, कॅम्पिंग करतोय!"

आजोबांनी वाकून आत पाहिलं. आत मी, उशी घेऊन.

"आरारारा! बाईलाबी काढलं व्हय!"

सकाळी ते पिठलं-भाकरी घेऊन हजर. शिरीष बिचारा खरं काय ते सांगायला लागला, तेव्हा मी त्याच्या पायावर पाय दिला. गरम पिठलं मिळत असेल तर मी खुशाल बेघर राहायला तयार आहे.

*

आमचं बघून शिरीषच्या ऑफिसातला मंदारही बायकोला घेऊन मुळशीकडे गेला. मंदारचा स्वभाव म्हणजे, "चिल यार, बॅटरी आहे ना!" रात्रभर एसी फुल, पिक्चर दोन, वर बायकोला चहाची किटलीही गाडीवरच. सकाळी बॅटरी जवळच्या वाडीपर्यंत जेमतेम पोचेल एवढीच उरली.

तिथे विहिरीपाशी एक शेतकरी भेटला. मंदारने वायर पुढे करून विचारलं, "दादा, जरा प्लग मिळेल का?"

"लावा की. पर लाईट न्हाई."

"कधी येईल?"

"ह्या आठवड्यात आमच्या लाइनीची रातपाळी हाय. रातच्यालाच येती."

मंदार मटकन बांधावर बसला. "अहो, मग आम्ही दिवसभर करायचं काय?"

"काय करायचं म्हंजी? झोपायलाच आला हुता न्हवं!"

*

आता मुख्य माणूस. माझे सासरे, बाबा. यवतमाळकडचे, जन्मभर एसटीचे ड्रायव्हर. रिटायर झाल्यावर ते आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आई, आमच्याकडे कोथरूडला राहायला आले. शिरीषने त्यांना मोठ्या कौतुकाने नव्या गाडीत बसवलं. स्टिअरिंगवर बाबा.

"चालू कर."

"चालूच आहे, बाबा."

"मले तर काही आवाज नाही आला." बाबांचा डावा हात सीटच्या बाजूला काहीतरी चाचपत होता. "गियर कुठी आहे?"

"गियर नाहीच हिला. ही चकती फिरवायची, झालं."

"मग डाव्या हाताचं काय काम?"

"काही नाही. त्याला आराम."

बाबांनी गाडी झकास चालवली, पण कर्वे पुतळ्यापर्यंत तो डावा हात मांडीवर असा ठेवून बसले होते, जसं काही त्याला एकट्यालाच रिटायर केलंय.

*

बाबांचा खरा प्रश्न झोपेचा होता. त्यांची ड्यूटी बहुतेक मुक्कामी गाडीची. संध्याकाळी शेवटच्या गावाला बस न्यायची, तिथेच बसमध्ये झोपायचं, पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचं. असं सगळं आयुष्य गेलं. आता कोथरूडच्या मऊ पलंगावर त्यांचा डोळ्याला डोळा लागेना. रात्रभर हॉलमध्ये फेऱ्या.

एका सकाळी वॉचमनचा इंटरकॉमवर फोन आला. "मॅडम, तुमच्या गाडीत कुणीतरी घोरतंय."

बाबा! उन्हं डोक्यावर येईपर्यंत गाढ झोपले होते. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

मग रोजचंच झालं. जेवण झालं की बाबा उशी, चादर आणि पाण्याची बाटली घेऊन दारात उभे. "येतो सकाळच्या फेरीले." आणि लिफ्टने पार्किंगमध्ये.

*

सोसायटीत अशा गोष्टी लपत नाहीत. सेक्रेटरी लेलेकाकांनी लिफ्टपाशी पाटी लावली: "वाहनतळ वाहनांसाठी आहे. झोपण्यासाठी सर्व सभासदांनी वर फ्लॅट घेतलेले आहेत. त्यांचा वापर करावा."

मी भांडायला गेले. "काका, वीज आमच्या मीटरची आहे."

"प्रश्न विजेचा नाही, पायंड्याचा आहे. आज तुमचे सासरे झोपले, उद्या सगळेच झोपतील!"

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. काकांनी दार बंद होऊ दिलं आणि हळूच विचारलं, "अहो, आपल्या गाडीत आडवं झाल्यावर पाय पूर्ण लांब होतात का?"

*

आमच्या आई मात्र हसत नव्हत्या. मी एकदा चेष्टेत म्हटलं, "आई, बाबांची ड्यूटी परत सुरू झाली!" तर त्या भाजी निवडायची थांबल्या.

"नोकरीत होते तवा म्हणत, रिटायर झालो का घरीच झोपीन. मी सारी उमर त्याचीच वाट पाहिली व माय. एकटी दिवा लावून झोपत जाओ, भेव लागे म्हणून. पहिले सरकारच्या गाडीत, आता पोराच्या गाडीत. माह्या नशिबातला माणूस काही घरी झोपत नाही."

माझं हसू जागच्या जागी विरलं. मी त्यांच्याशेजारी बसून भाजी निवडायला घेतली.

शिरीषने आयटीवाल्यासारखा तोडगा काढला. मोबाईलवर एसटीच्या इंजिनाचा आवाज शोधला आणि रात्री वर घरात पलंगापाशी लावून ठेवला. बाबांना मिनतवारी करून निजवलं. आईंनी स्वतः चादर झटकून दिली. बाबांचे डोळे मिटले. आम्ही दाराआडून बघतोय. आणि बाबा ताडकन उठून बसले!

"कोनाच्या ताब्यात आहे ही गाडी? क्लच जाळून रायला ना तो!"

त्या क्लचच्या काळजीने बाबा रात्रभर जागे. त्यांच्यामुळे आईही जाग्या. पुढच्या रात्री बाबा पुन्हा उशी घेऊन खाली.

दुसऱ्या दिवशी आईंनी बॅग भरली. "मी उद्या चालली यवतमाळले. एकटीच राहाचं असंन तर आपल्या घरी राहीन."

शिरीषने समजावलं, मी हात जोडले. आई ढिम्म. बाबांना सांगायला गेले तर ते म्हणाले, "झोप आली असती तर मी काहून खाली गेलो असतो?" त्यांचंही खोटं नव्हतं. त्या रात्री घरात कुणीच धड जेवलं नाही.

*

पहाटे उठून बघते तर आईंचा पलंग रिकामा. बॅग नाही. चपला नाहीत. फोन घरातच चार्जिंगला.

"शिरीष! आई गेल्या!"

शिरीष बनियनवर, मी गाऊनवर, जिन्याने धावत खाली. पार्किंगमध्ये पोचलो तर आमच्या गाडीपाशी लेलेकाका उभे. मॉर्निंग वॉकचे बूट, कानटोपी, आणि काचेवर टकटक.

"अहो, ऐकलंत का? पाटी वाचली नाहीत का? कोण कोण आहे आत?"

मी काकांच्या खांद्यावरून पाहिलं. गाडीत गारवा, मंद दिवा. गादीवर बाबा चादर ओढून गाढ झोपलेले. त्यांच्या उशाशी पाय पसरून, मांडीवर ती भरलेली बॅग घेऊन, आई बसलेल्या. डोळे झोपेने जड, पण चेहरा असा निवांत की मी तो आजवर पाहिलाच नव्हता.

आईंनी काच दोन बोटं खाली केली.

"जागा नाही! मागून गाडी येऊन रायली, तिच्यात या!"

काच वर. मग आईंनी हातातली बांगडी काचेवर दोनदा वाजवली. टिंग टिंग.

आणि झोपेतच, डोळे न उघडता, बाबांनी डावा हात उचलला आणि फर्स्ट गियर टाकला.