चंद्रीची धार

आमच्या घरात बी.कॉम. झालेली मी पहिली, आणि म्हशीची लाथ खाल्लेली शेवटची.

पहिल्या गोष्टीमागं म्हैसच होती. आम्हाला जमीन नव्हती, दुकान नव्हतं. पत्र्याची एक खोली, मागं गोठा आणि गोठ्यात चंद्री. माझी फी, घरचा बाजार, गळका पत्रा बदलायचा खर्च, सगळं तिच्या कासेतून यायचं. आमच्या कोल्हापुरात संध्याकाळी चौकातल्या कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात. गिऱ्हाईक समोर उभं राहतं आणि धार थेट पेल्यात, फेसासकट. पाणी घालायची सोयच नाही. (इच्छा असली तरी!) आबांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, सगळा जन्म त्या कट्ट्यावर गेला.

गेल्या वर्षी चंद्रीला धुताना आबा घसरले आणि उजवा हात प्लास्टरात गेला. आता धार कोण काढणार? आईचं आणि चंद्रीचं सवतीसारखं. आबा जेवताना आमटीबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत आणि दुधाचं मात्र कौतुक करायचे, तेव्हापासूनचं ते भांडण. ओळखीच्या गवळ्याला आणलं, तर चंद्रीनं त्याला गोठ्याबाहेर पोचवलं. दूध अंगावर राहिलं की कास सुजते, म्हैस आटते. आणि कट्ट्यावर दोन पावलांवर दुसऱ्याची म्हैस उभीच असते. गिऱ्हाईक कशाला थांबतंय?

मी म्हणाले, "मी काढते धार."

आबांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग प्लास्टरकडं. "कालिजात शिकिवली व्हय?"

"शिकीन की."

चिकाटी माझ्यात होती. अकाउंट्सच्या पेपरनं मला पुन्हा पुन्हा आपटलं, तरी मी त्याला सोडलं नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ बघितले. रबरी हातमोज्यात पाणी भरलं, बोटांना सुईनं भोकं पाडली, मोजा खिडकीला टांगला आणि पिळायला बसले. मोजा झकास पान्हवला. (मोजा लाथ मारत नाही, एवढाच त्यात दोष.)

चंद्रीनं पहिल्या दिवशी दुधाची चरवी उडवली, दुसऱ्या दिवशी मला. तिला ओळखीचा वास लागतो म्हणून मी आबांचा न धुतलेला सदरा घातला, डोक्याला त्यांचाच टॉवेल गुंडाळला. शेजारच्या काकू अंधारात मला विचारून गेल्या, हात बरा झाला का म्हणून. बोटं अशी सुजली की भाकरी मोडता येईना. आई घास भरवायची आणि प्रत्येक घासाबरोबर एक टोमणा. तरी रोज पहाटे मी पुन्हा गोठ्यात. आबा शेजारी पोत्यावर बसून दातओठ खात बोलत असायचे आणि कास सुजू नये म्हणून माझं राहिलेलं डाव्या हातानं जमेल तेवढं पिळून काढायचे. आणि एका सकाळी चरवीत सर्रर्र असा आवाज आला! मग रोजच येऊ लागला. आबांचे डोळे ओले झाले. माझेही झाले. (शेपटीचा फटका बसला होता.)

आता मी तयार झाले, असं मीच जाहीर केलं आणि संध्याकाळी चंद्रीला घेऊन एकटी कट्ट्यावर गेले. रांगेत सगळ्यात पुढं तात्या, तालमीतले जुने पैलवान, आबांचं पक्कं गिऱ्हाईक. त्यांच्यामागं कोण, तर आमच्या कॉलेजातले सर! मी त्यांना वाकून नमस्कार केला, टॉवेलासकट.

बसले. सड धरले. एक थेंब नाही. बाईसाहेबांनी दूध चोरलं होतं. मी "बाळा" म्हणाले, "राणी" म्हणाले, मान खाजवली. ही कोण बया, अशा नजरेनं तिनं वळून बघितलं. रांग शेजारच्या म्हशीकडं सरकायला लागली. घाबरून आबांना फोन लावला.

"शिव्या दिल्यास का?" आबांनी विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पोत्यावर बसून आबा बोलायचे ते मला, असं मी समजत होते. (निम्मं मलाच होतं.) पण चंद्रीला वर्षानुवर्षं शिव्या ऐकतच पान्हा सोडायची सवय! मी फोन स्पीकरवर टाकला आणि तात्यांनी तो चंद्रीच्या कानाशी धरला.

"आगं ए भवाने, सटवे, मुडदा बशिवला तुजा..."

पेल्यात फेस! अख्खा चौक आबांचं प्रवचन ऐकत दूध पिऊ लागला. सरांचा पेला निम्मा झाला आणि फोनची बॅटरी संपली. धारही संपली.

तात्या हळूच म्हणाले, "पोरी, उघड आता त्वांड. सगळी जात्यात बग पलीकडं."

मी सरांकडं बघितलं. सरांनी पेल्याकडं बघितलं. मी डोळे मिटले आणि आबांचं होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं, वर पदरचंही घातलं. खाल्लेल्या एकेका लाथेची आठवण त्यात होती. धार अशी सुटली की पेला हातातून निसटतो की काय! रांग मुकाट्यानं परत आली.

मिशीवरचा फेस पुसत सर म्हणाले, "तोंडी परीक्षेला तुझा आवाज कधी ऐकूच आला नव्हता."

यथावकाश आबांचं प्लास्टर निघालं. मोठ्या थाटात ते चंद्रीखाली बसले, ठेवणीतल्या सगळ्या शिव्या घातल्या. ती शांतपणे रवंथ करत राहिली. तिला आता माझाच आवाज लागतो.

तर मला धार काढता येते. चंद्री आटली नाही, कट्ट्यावरचं एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. फक्त मैत्रिणींबरोबर पन्हाळ्याला एक रात्र मुक्कामाला जायचं म्हटलं, तर घरचे सगळे हो म्हणतात आणि म्हैस नाही म्हणते.