इटलीचा प्लग

आमचे घरमालक दर शनिवारी स्वस्त मालाच्या दुकानात देवळात जावं तसे जायचे. तंबूचे खुंटे, घडीच्या खुर्च्या घ्यायचे; हमाल मी. हा थाट मोटारीमागे ओढायच्या ज्या फिरत्या घरासाठी, म्हणजे कॅरॅव्हॅनसाठी, ती अंगणातून हलायची नाही, कारण तिच्यात भाड्याने मी राहायचो. सातवीत शाळा सोडलेल्याला जर्मनीतल्या या डार्मश्टाटात दुसरं छप्पर कोण देणार?

त्या उन्हाळ्यात मालकीणबाई कॅरॅव्हॅन घेऊन इटलीला जायचंच म्हणून हटून बसल्या. फक्त तिकडच्या विजेला चालणारा प्लग हवा होता. दुकानात तो मालकांच्या हाती लागला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तो परत फळीवर ठेवला.

"आल्झो, तर काय, प्लग काही मिळाला नाही," ते घरी म्हणाले.

"त्या दुकानात नको ते सगळं मिळतं, आणि प्लग तेवढा नाही?" मालकीणबाई म्हणाल्या.

"विचार याला!" मालक माझ्यावरच खेकसले.

"नव्हताच," म्हणालो, आणि नवी खुर्ची उचलून माझ्या घरात गेलो.