भूगोलाच्या सरांचं पान

संगमनेरात इंटरनेट नुकतंच आलं होतं. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत भाडेकरूनं कॉम्प्युटरचं दुकान टाकलं होतं. तिथं कॉलेजातले भूगोलाचे सर रोज संध्याकाळी येत. कोंबडी दाणे टिपते तसं एका बोटानं लिहीत आणि प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचत, जणू समोर वर्गच बसलाय. त्या दिवशीचा धडा ते इंटरनेटवरच्या आपल्या पानावर चढवत. खाली पोरांना लिहायला जागा होती. माझी शाळा दुसरीतच सुटली, पण माणूस मला कळतो. हा गडी पक्का होता.

एकदा सरांनी लिहिलं, मुळा नदी गोदावरीला मिळते. नेवाशाकडच्या एका पोरीनं खाली लिहिलं, "सर, ती प्रवरेला मिळते. आमच्या शेतावरून दिसतं."

प्राचार्य तणतणत दुकानात आले. "पुसा ते आधी! सगळ्या जगात कॉलेजची शोभा!"

"पोरगी खरं बोलतीय. पुसणार नाही."

"मग पुढच्या वर्षी तुम्हाला तास नाहीत."

सरांनी त्यांच्यादेखत एका बोटानं लिहिलं आणि खणखणीत वाचलं, "चूक माझी. हिचं बरोबर."

सरांची नोकरी कच्ची होती, तासांवर पगार. जूनमध्ये खरंच तास मिळाले नाहीत. तरी संध्याकाळी सर हजर.

मी म्हणालो, "मास्तर, आता कशापायी लिव्हता? पगार न्हाई, वर्ग न्हाई."

"बाबा, त्या पोरीनं काल विचारलंय, नदी वळणं का घेते. खुर्ची द्या इकडं."