सुटणारी खुर्ची

खोलाबाईला हे नाव माहेरीच पडलं. घरातलं घड्याळ असो की शेजारणीचा पंखा, पोरगी ते खोलायची म्हणजे खोलायचीच. जुळवायचीही, पण एखादा स्क्रू हातात उरायचा आणि आईची बोलणी खावी लागायची. पुढे ती पडली सुताराच्या घरात. आणि सासरे कसे? "माझा सांधा सुटलेला दाखवा, मिशी उतरवून ठेवतो," म्हणणारे. आता बोला!

तर या सुनेने सासऱ्यांच्याच शेडमध्ये एक खुर्ची केली. ना खिळा, ना डिंक. पाचरी ठोकल्या की खुर्ची उभी, काढल्या की सगळे भाग मोकळे. पाय मोडला तर तेवढाच बदला. खुर्ची म्हातारी झाली तर त्याच लाकडाचं स्टूल करा. शाळांना सामान पुरवणारे एक व्यापारी आज ती बघायला येणार होते. त्यांच्यासमोर खुर्ची झटकन सुटली तरच काम मिळणार होतं. बाईचा पाय सकाळपासून जमिनीवर ठरत नव्हता.

शेवटचं एकदा पाहावं म्हणून तिने पाचर काढली. पाय हलेना. ओढला, ठोकला. ढिम्म!

"बाबा, हिला कुणी हात लावला?"

सासऱ्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "मी. पाहुण्यांच्या हातात भसकन सुटली असती म्हणजे? रात्रीच सगळे सांधे चिकटवून टाकले."

"अहो, सुटायलाच हवी होती ती! कशाने चिकटवलंत?"

"सरसाने. कातडं उकळून करतात तो."

"नक्की? बाजारातल्या पांढऱ्या गोंदाची बाटली नाही ना?"

"त्या बाटलीला मी शिवतो तरी का?"

खोलाबाईने जागच्या जागी उडीच मारली. "बाबा, सरस गरम पाण्याने सुटतो! किटली आणा, किटली!"

मग काय ती धांदल! चुलीवरचं आधण तसंच सांध्यांवर. "अगं, माझा चहा!" सासूबाई ओरडताहेत. सासरे निमूट कढत फडकी पिळताहेत. एकेक सांधा कुरकुरला आणि सुटला. पुसून, उन्हात वाळवून पुन्हा जुळवेपर्यंत दारात गाडी हजर.

व्यापाऱ्यांनी स्वतः पाचरी काढल्या. खुर्ची मोकळी झाली. त्यांनीच जुळवली, बसले, मुद्दाम डुलून पाहिलं. हूं की चूं नाही.

"आधी एका वर्गापुरत्या करा," ते म्हणाले.

गाडी वळते न वळते तोच सासूबाईंनी विचारलं, "सांधे तर सुटले. मिशी कधी?"

"आधी वर्गभर खुर्च्या होऊ देत," म्हणत सासऱ्यांनी सरसाचं भांडं सुनेच्या हातात दिलं. "हे लपवून ठेव गं. माझा हात शिवशिवतो."